मामांची मोटार



मागच्या खेपेस विहिरीवरील रहाटाविषयी लिहिताना, जे यंत्र माणूस स्वतःच्या हाताने दुरुस्त करतो तेच खऱ्या अर्थाने त्याचे होते, असे एक वाक्य आमच्या लेखणीतून सहज उतरून गेले. वाक्य लिहिणे सोपे असते. ते कितपत खरे, हे पाहण्याचा प्रसंग त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्हांवर सुरतेस आला. तेथे एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. आजचे हे लिखाण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

एका लग्नाच्या निमित्ताने आमचे तिकडे जाणे झाले. सुरत आपणांस तशी परकी नाही. आपल्या बाजूने गुजरातकडे जाणारी गाडी धरली की तीन-चार तासांत माणूस सुरतेच्या फलाटावर उतरतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे यंत्रमागांवर पोट भरीत आहेत. आमची उतरण्याची सोय मात्र तापीच्या पलीकडे, रांदेर या जुन्या वस्तीत, नवरीच्या मामांकडे केलेली होती. हे मामा मूळचे आपल्याच बाजूचे. तरुणपणी उधन्याच्या यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले आणि तेथलेच झाले. सारी आळी त्यांना मामाच म्हणते, तेव्हा आम्हीही तसेच म्हणतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मामा आम्हांस परसात घेऊन गेले. तेथे पत्र्याची एक पडवी होती. पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी मोठे झाकून ठेवलेले होते. मामांनी ताडपत्री अशा हाताने दूर केली की जणू निजलेल्या मुलाच्या अंगावरचे पांघरूण काढीत आहेत. आत एक मोटार होती. तिचे नाक लांब आणि निमुळते, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, पुढची चाके उघडी, आणि रंग पिकलेल्या जांभळाचा. अशी मोटार आम्ही यापूर्वी केवळ चित्रांत पाहिली होती.

"ह्या गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात," मामा म्हणाले.

शब्दशः अर्थ घेतला तर तापलेली सळई. आमच्या चेहऱ्यावरून आम्हांस काही बोध झाला नाही हे ओळखून त्यांनी सर्व हकीकत सांगितली. ती अशी की, १९३२ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन बसविलेली मोटार सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत बाजारात आणली. तोवर इतके सिलिंडर श्रीमंतांच्याच गाड्यांना असत. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या विकत घेऊन त्यांचे मडगार्ड काढले, टप कापले, वजन उतरविले, इंजिनाची ताकद वाढविली, आणि म्युरॉक यांसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर ते त्या पळवू लागले. १९३७ साली त्यांनी आपली एक संघटनाही स्थापिली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून यंत्रकाम शिकून परतलेल्या मुलांनी हा छंद देशभर पसरविला, आणि १९४८ च्या जानेवारीत त्याच नावाचे एक मासिकही निघाले. त्या मासिकाचा एक फाटका अंक मामांना सुरतेच्या रद्दीच्या दुकानात सापडला होता. सर्व आरंभ तेथून झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसविणे हे आपल्या देशालाही नवे नाही. अँबॅसडर किंवा त्याहून जुन्या परदेशी गाडीतील पेट्रोलचे इंजिन काढून तेथे डिझेलचे बसविणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत. फरक हेतूचा आहे. अमेरिकेतील मुलाने इंजिन बदलले ते गाडी जोरात पळावी म्हणून. आपल्या माणसाने बदलले ते महिन्याचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून. मामांच्या गाडीत हे दोन्ही हेतू एकत्र नांदत होते.

१९९८ साली मामांनी एका भंगारवाल्याकडून जुन्या फोर्ड गाडीचा सांगाडा विकत घेतला. इंजिन नव्हते, आसने नव्हती, तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. कारखान्यात सुट्टी असेल तेव्हा आणि रविवारी दुपारी ते कामाला लागत. पहिले वर्ष निव्वळ गंज काढण्यात गेले. रंगाखाली पत्रा शाबूत आहे असे वाटावे, कानशीने जरा घासावे, आणि बोट आरपार जावे, असे कितीदा घडले. चॅसिस सरळ आहे की पिळवटली आहे हे पाहण्यासाठी त्यांनी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही कर्ण मोजले. दोन बोटांचा फरक निघाला. तो काढावयास पावसाळ्याचे चार महिने लागले.

इंजिन त्यांनी एका मोडीत काढलेल्या जीपचे, डिझेलचे घेतले. येथे त्यांची पहिली मोठी चूक झाली आणि ती त्यांनी आमच्यापासून लपविली नाही. इंजिन पाहून मन अधीर झाले, म्हणून ते आधी बसविले. डिझेलचे इंजिन जड असते. त्या काळच्या फोर्ड गाडीला पुढच्या बाजूस आडवी एकच कमान असे. ती त्या भाराने दबली आणि गाडी नाकावर बसली. इंजिन पुन्हा उतरवून, पुढचा पडदा कापून, तीन इंच मागे सरकवावे लागले. दुसरी चूक याहून गंभीर. त्या काळच्या फोर्डचे ब्रेक सळयांनी ओढले जात. तेलाच्या दाबाचे ब्रेक त्या कंपनीने १९३९ सालापासून दिले. मामांनी जुनेच ब्रेक ठेवून, पडवीबाहेरच्या उतारावर गाडी ढकलून पाहिली. ती कुंपणाच्या भिंतीला लागून थांबली. कोणास इजा झाली नाही, परंतु भिंतीवरचा तो खळगा मामांनी आजतागायत बुजविलेला नाही. ते म्हणतात, "चालविण्याची घाई मला झाली, थांबविण्याचा विचार मागाहून आला. तो खळगा मला रोज ते सांगतो." पुढे त्यांनी चारही चाकांना तेलाचे ब्रेक बसविले.

आणि मग २००६ चा ऑगस्ट आला. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. रांदेर आणि अडाजण नदीकाठीच. मामांच्या कुटुंबाने वरच्या मजल्यावर दिवस काढले. पाणी ओसरले तेव्हा पडवीत गुडघाभर चिखल होता, आणि इंजिनाच्या पोटात तोच चिखल जाऊन बसला होता. त्या दिवशी मामी एवढेच म्हणाल्या, "आधी घर, मग गाडी." मामांनी ते मानले. तीन वर्षे त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही. भिंती, धान्याची कोठी, मुलीचे लग्न, हे सर्व आधी उरकले. त्यानंतर इंजिन पुन्हा सुटे करून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला. त्या वेळी प्रथमच त्यांचा मुलगा त्यांच्या शेजारी बसून भाग धूत होता. तोवर मामांनी त्याला हत्यारास हात लावू दिला नव्हता. हात कापून घेशील, माप चुकवशील, असे म्हणून ते त्याला दूर ठेवीत. पुरानंतर बसला, तोवर तो हिऱ्यांच्या कारखान्यात कामाला लागलेला होता. दोन-चार रविवार बसला आणि मग त्याचे येणे थांबले.

अखेर २०१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मोटार स्वतःच्या बळावर आळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. एकोणीस वर्षांत एक फर्लांग. त्यापुढे ती गेली नाही, कारण तिला जाता येत नाही.

का जाता येत नाही, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण आपल्या गावांतही हा छंद लागलेली मुले आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, गाडी बनविणाऱ्या कंपनीने जो तपशील नोंदविला त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच गोष्ट पक्की केली. इंजिन बदलावयाचे तर आधी परवानगी हवी. मग जुनी गाडी म्हणून तरी तिची नोंद व्हावी, असे कोणी म्हणेल. त्यासाठी सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस त्यांखाली दहा वर्षांसाठी नोंदणी मिळते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते. तीही रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. परंतु मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मामांच्या मोटारीत मूळचे काय राहिले आहे? ती जुनीही नाही आणि नवीही नाही. कायद्याच्या पुस्तकात तिच्यासाठी ओळ नाही.

आता त्या कुटुंबापुढे एक अडचण उभी राहिली आहे. मामांचे जुने घर पाडून तेथे इमारत होणार आहे. येत्या पावसाळ्यानंतर पडवी राहणार नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या घरात मोटार नेता येत नाही. एक गिऱ्हाईक आले होते. त्याला केवळ बाहेरचा सांगाडा हवा. आतले सर्व काढून टाकीन म्हणाला. मुलगा म्हणतो, देऊन टाकावी. मामांनी वही आणून आमच्यापुढे ठेवली. एकोणीस वर्षांतील प्रत्येक नटबोल्टाचा खर्च तारखेनिशी तीत होता. ती मिटवून त्यांनी विचारले, "तुम्ही लिहिणारी माणसे. सांगा, ही माझी एकोणीस वर्षे फुकट गेली का?"

आम्ही उत्तर शोधीत होतो, तोच मामी दारातून म्हणाल्या, "पैशाचा हिशेब ह्यांनी चोख ठेवला आहे. रविवारचा हिशेब कोठे आहे, तेही विचारा ह्यांना."

आम्ही दोघांनाही काही बोललो नाही. जेवण करून निघालो. परंतु गाडीत बसल्यापासून हे दोन्ही प्रश्न आमच्याबरोबर आले.

यंत्रमागांवरून आम्हांस इचलकरंजीची आठवण झाली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे ते गाव मागांचेच झाले. त्याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ होऊन गेले. शाळेचे शिक्षण बेताचे, परंतु यंत्राची जाण विलक्षण. सामान्य भारतीय कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार आपल्या हाताने करावी, या ध्यासाने ते १९४५ साली कामाला लागले. १९४९ साली त्यांची पहिली गाडी तयार झाली. तिचे नाव 'मीरा'. मग एका नमुन्यातील उणीव दुसऱ्यात काढीत ते १९७५ पर्यंत नवनवे नमुने करीत राहिले. इंजिन मागच्या बाजूस बसविलेली ती छोटी गाडी बारा हजार रुपयांच्या आसपास विकता येईल असा त्यांचा हिशेब होता. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. परंतु कारखान्यातून ती कधी निघाली नाही. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी आली आणि देशाने तिचे स्वागत केले. तीस वर्षांचे शंकररावांचे काम तेवढ्यावरच राहिले.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातील सुट्या भागांतून एक छोटी जीप केली. साठ हजारांच्या आसपास खर्च आला. ती फटफटीसारखी पायाने किक मारून सुरू होते. २०२१ च्या डिसेंबरात तिचे चित्र देशभर फिरले. आनंद महिंद्र यांनी, ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही हे स्पष्ट सांगून, तरीही त्या कारागिराच्या बुद्धीचे कौतुक केले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती लोहार कुटुंबास मिळाली.

आता कोणी म्हणेल, लोहारांचे दैव उघडले, शंकररावांचे उघडले नाही, आणि मामांचे उघडण्याचा संभव नाही. यांत सांगण्यासारखे काय? परंतु दैव आपल्या हातचे नसते, म्हणून त्यावर उत्तर बेतणे आम्हांस योग्य वाटत नाही. हातचे काय असते, याचे उदाहरण सुरतेतच आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजे बांधणारे कारागीर सुरतेहून मुंबईच्या गोदीत गेले. त्यांच्या घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे तेथे जहाजे बांधली. त्यांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ सालची युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. एका माणसाच्या आयुष्यात हे होत नाही. बापाच्या शेजारी मुलगा आणि मुलाच्या शेजारी नातू उभा राहिला, बापाने त्याच्या हातात वाकस दिला, त्याने लाकूड बिघडविले तरी पुन्हा दिला, म्हणून हे झाले.

तेव्हा मामा, आमचे उत्तर असे. तुमची एकोणीस वर्षे फुकट गेली नाहीत. कमान का दबते, पत्रा कोठून सडतो, ब्रेक आधी का बसवावेत, चिखलाने भरलेले इंजिन पुन्हा कसे जिवंत करावे, हे सर्व तुमच्या हातांना ठाऊक झाले. मोटार आळीच्या टोकापर्यंतच गेली, म्हणून ते ज्ञान उणे होत नाही. परंतु एक चूक तुमच्या वहीत लिहिलेली नाही. ज्या दिवशी मुलगा आठ-दहा वर्षांचा होऊन पडवीच्या दाराशी उभा होता, त्या दिवशी त्याच्या हातात कानस द्यावयाची होती. बोट थोडे कापले असते, एखादे माप चुकले असते. एवढे नुकसान ती वही सहज सोसती. तुम्ही गाडी वाचविली आणि शिकणारा गमावला. मामींच्या रविवारांचेही तेच. त्यांना तुमचा छंद नको होता असे आम्हांस वाटत नाही. त्या छंदात त्यांना बसावयास जागा नव्हती.

आमच्या तरुण वाचकांनी यातून आपल्यापुरते घ्यावे. पत्र्याला छिन्नी लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन काय चालते आणि काय चालत नाही ते विचारा. गाडी चालविण्याआधी थांबवावयास शिका. आणि घरातील माणसांचे किती रविवार घेतले, तेही खर्चाच्याच वहीत लिहा.

गाडीचे काय करावे, याविषयी आम्ही मामांना पत्रातून एक गोष्ट सुचविली. जवळच्या एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुले मोटारीचे काम शिकत असतील. त्यांना ती द्यावी, पळविण्यासाठी नाही, उघडण्यासाठी. तिच्यात जुन्या काळची आडवी कमान आहे, नव्या काळचे ब्रेक आहेत, आणि एका माणसाने केलेल्या व सुधारलेल्या सर्व चुकाही आहेत. शिकणाऱ्या मुलास याहून चांगले पुस्तक कोणते मिळणार?

गेल्या आठवड्यात मामांचे उत्तर आले. एका संस्थेचे शिक्षक येऊन तासभर बोनटमध्ये डोके घालून उभे होते, असे ते लिहितात. त्यांनी पहिला प्रश्न ब्रेकविषयी विचारला, म्हणून मामांना माणूस पसंत पडला. मुलांना आठवड्यातून एक दिवस आपण स्वतः येऊन दाखवावे, अशी अट मामांनी घातली आणि ती मान्य झाली. तो दिवस शनिवार ठरला आहे. पत्राच्या शेवटी मामींनी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या लिहितात की आता रविवारी हे घरी बसून काय करणार, तेवढे कोणी सांगावे.

ते मात्र आम्हांसही सांगता येत नाही. असो.